दुरुस्त केलेले संवाद पुन्हा खोटे का वाटतात

"कथा चांगली आहे, पण संवाद जरा कृत्रिम वाटतात." हा शेरा मिळालेला लेखक पुढच्या खर्ड्यात काय करून आणणार, याचा अंदाज आता वाचण्याआधीच बांधता येतो. ‘आहे’चं ‘ए’ झालेलं असतं. वाक्यांच्या शेपटाला ‘ना’ आणि ‘रे’ चिकटलेले असतात. एका पात्राच्या तोंडी शिवी आलेली असते, दुसऱ्याच्या वाट्याला बोली. दोन पानं बरं वाटतं आणि तिसऱ्या पानावर पुन्हा तेच. मग लेखक हात टेकतो. म्हणतो, मला कानच नाही. हे मला पटत नाही. हीच माणसं गप्पांत बसली की घरच्यांच्या आणि साहेबांच्या अशा नकला करतात की ऐकणाऱ्यांची हसून पुरेवाट होते. कान असतो. दुरुस्ती उलट्या टोकाकडून सुरू झालेली असते.

शब्द सगळ्यात शेवटी तपासायचे. त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: या घडीला बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवं आहे, आणि ते तो सरळ का मागत नाही. ही उत्तरं लेखकाकडे नसतील तर प्रत्येक ओळ फक्त तिच्या आधीच्या ओळीला बांधलेली राहते. मग तिच्यावर बोलीचा कितीही हात फिरवा, चार दिवसांनी वाचली की ती तशीच निर्जीव दिसते.

एक नमुना घेऊ. तुकडा माझाच आहे, पण नव्या कथांमध्ये याची भावंडं नेहमी भेटतात. आई धाकट्या मुलाकडे, नितीनकडे राहते. थोरली बहीण सुनंदा भेटायला आली आहे. स्मिता नितीनची बायको.

"ताई, तुला तर माहीतच आहे, बाबा गेल्यापासून तीन वर्षं आई माझ्याकडेच आहे."

"हो नितीन, आणि तू तिची किती काळजी घेतोस याची मला जाणीव आहे."

"पण आता मी आणि स्मिता दोघंही थकलो आहोत. तू आईला काही महिने तुझ्याकडे ने."

"मला अपराधी वाटतंय, पण माझ्याही घरी अडचणी आहेत. आणि तुझं हे बोलणं ऐकून मला रागही येतोय."

एकही चूक काढता येणार नाही. चार ओळींत अख्खा पेच मांडून झाला, आणि मांडून झाला म्हणूनच संपला. आता पुढे लिहायला काय उरलं? "मला अपराधी वाटतंय"च्या जागी "मला कसंतरीच होतंय गं बाई" घातलं तरी काही फरक पडणार नाही. आजार शब्दांत नाहीच. तेव्हा एकेक लक्षण घेऊन बघू.

पात्रं एकमेकांना ठाऊक असलेलंच सांगतात

पहिली ओळ सुनंदासाठी नाही, वाचकासाठी आहे. बाबा कधी गेले हे सुनंदाला नितीनकडून कळण्याची गरज नाही. असं कुठेकुठे झालंय हे शोधायला खर्ड्यात ‘माहीतच आहे’, ‘आठवतं ना’, ‘आपण तर’, ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की’ एवढे शब्दप्रयोग शोधा. जिथे सापडतील तिथे बहुधा लेखक पात्राच्या खांद्यावरून वाचकाशी बोलत असतो.

नावांवरही नजर ठेवा. खोलीत दोनच माणसं असताना कुणी वाक्यागणिक नाव घेत नाही. मराठीत ते काम ‘अगं’, ‘अरे’, ‘अहो’ करतात, आणि तेही दर ओळीला नाही. नाव येतं ते हाक मारताना, दम देताना किंवा गळ घालताना. त्यामुळे दहा ओळी न आलेलं "ताई" अकराव्या ओळीला आलं तर वाचकाला लगेच कळतं की आता काहीतरी मागितलं जाणार आहे. पहिल्याच ओळीत ते खर्च केलं की हा पत्ता हातातून गेला.

माहिती द्यायचीच असेल तर सोपी वाट कथनाची. "बाबा गेल्यापासून आई नितीनकडे होती" हे निवेदकाने एका ओळीत सांगून टाकावं. त्यात कमीपणा नाही. संवादातूनच सगळं कळलं पाहिजे हा हट्ट कुठून आला कोण जाणे, नाटकातून आला असावा. तिथे निवेदक नसतो, इथे आहे. त्याला कामाला लावा. दुसरी वाट, तीच माहिती हत्यार म्हणून वापरायची: "तीन वर्षांत एकदा तरी विचारलंस?" आता ‘तीन वर्षं’ हा आकडा वाचकाला कळतो आणि सुनंदाला लागतो. तिसरी वाट मला सर्वांत आवडते: आत्ता सांगूच नका. आई कुणाकडे आणि कधीपासून, हे वाचकाला पानभर कळलं नाही तर तो पुस्तक मिटत नाही, उलट थोडं पुढे सरकून बसतो.

एक पळवाट मात्र टाळावी. माहिती वदवून घेण्यासाठी आणलेला पाहुणा, नवी शेजारीण, बालमित्र. हे पात्र नुसतं "मग काय झालं?" विचारत बसतं आणि तीन पानांनी कथेतून नाहीसं होतं. त्यालाही काही हवं असेल, निदान लवकर निघायचं असेल, तरच त्याला आत घ्या.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतं

पुन्हा पुन्हा परतणारा आजार हाच. एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं. एकाने आरोप केला, दुसऱ्याने तो खोडला. ओळी एकमेकींत इतक्या नीट बसतात की मधे वाचकाला पाय ठेवायला जागा राहत नाही.

प्रत्यक्षात माणसं विचारलेल्या प्रश्नाला फार क्वचित उत्तर देतात. ती ऐकू आलेल्या प्रश्नाला उत्तर देतात. कधी त्यामागच्या आरोपाला, कधी पाच मिनिटांपूर्वीच्या वाक्याला. कधी प्रश्नावर प्रश्न टाकतात, कधी उठून खिडकी लावतात. १९६० च्या दशकापासून हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित बोलणं उसाश्यांसकट उतरवून घेऊन त्याचा अभ्यास केला. त्या परंपरेत दिसून आलेली एक गोष्ट कथाकाराच्या थेट उपयोगाची आहे: होकार चटकन आणि थोडक्यात येतो, नकार उशिरा येतो, अडखळत येतो, आधी काहीतरी गोड बोलून मग कारण देत येतो, आणि बऱ्याचदा ‘नाही’ हा शब्द न उच्चारताच येतो. म्हणजे "येशील का?" याला "येतो" हे उत्तर चालेल, पण "येत नाही" हे उत्तर एकतर भांडणातलं असतं किंवा लेखकाच्या आळसातलं. नकार म्हणजे "अं... बघतो. शनिवारी का? शनिवारचं जरा..." असा काहीतरी प्रकार.

आता नितीन आणि सुनंदा पुन्हा. नितीनला हवं आहे की ताईने आईला घेऊन जावं, पण मागणं त्याने काढता कामा नये; काढलं तर तो आईला ‘पाठवणारा’ ठरेल. सुनंदाला हवं आहे की हा विषयच निघू नये, आणि तरी तिला कुणी वाईट म्हणू नये. एवढं ठरल्यावर:

"आईच्या गोळ्या बदलल्यात."

"कधी?"

"महिना झाला. रात्री दोन-तीनदा उठते आता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू फोन करतेस तेव्हा ती झोपलेली असते."

"मी सकाळी करते फोन."

"तेच. सकाळी झोपते ती."

सुनंदाने मांडीवरची पर्स उचलून बाजूला ठेवली. "स्मिता दिसत नाही?"

"आत आहे. पडलीय जरा."

"बरं नाहीये का?"

"बरीय." नितीन गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात भरत होता. "तुमचं वरच्या खोलीचं काम झालं का गं?"

"रंग राहिलाय."

"कधीपर्यंत होईल?"

"बघू. आणि रंगाचा वास आईला सोसायचा नाही."

आईला न्यायची गोष्ट इथे कुणी काढलेलीच नाही. तरी मागणंही झालं आणि नकारही. सुनंदाची शेवटची ओळ महत्त्वाची, कारण ती न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिला सगळं पहिल्या ओळीपासून कळत होतं हे तिनेच कबूल करून टाकलं, आणि ते आपल्या तोंडून गेलं हे तिलाही आता कळलं असेल. पुढची ओळ कुणाची असेल, याची उत्सुकता आता मलाही आहे. पहिल्या तुकड्यानंतर नव्हती.

हे काही आयात केलेलं तंत्र नाही. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात बोललेला अर्थ आणि सुचवलेला अर्थ एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात हे दाखवायला जे उदाहरण घेतलं, ते महाराष्ट्री प्राकृतातल्या एका गाथेचं आहे, आणि ती गाथा म्हणजे एका पात्राचं बोलणंच आहे. गोदेच्या काठच्या दाट झाडीत एका तरुणीची प्रियकराला भेटायची जागा आहे. तिथे एक धार्मिक गृहस्थ येऊ-जाऊ लागतो. ती त्याला सांगते: बाबा, आता निर्धास्त हिंड, तुला त्रास देणारं ते कुत्रं त्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. शब्द म्हणतात ‘ये’, अर्थ आहे ‘पुन्हा इकडे फिरकू नकोस’. तिला काय हवंय आणि ते ती सरळ का सांगू शकत नाही, दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एवढ्याशा गाथेत आहेत.

दुरुस्तीची कृती अशी. प्रसंगातला प्रत्येक प्रश्न खुणेने दाखवा आणि त्यापुढची ओळ पाहा. थेट उत्तर असेल तर ते खोडून बघा. निम्म्या ठिकाणी काहीच बिघडत नाही. पुढची ओळच उत्तराचं काम करते. जिथे बिघडतं तिथे उत्तराच्या जागी त्या पात्राला जे हवंय त्याकडे नेणारी ओळ लिहा. सगळीच उत्तरं मात्र काढू नका. वर "कधी?"ला "महिना झाला" हे सरळ उत्तर आहे, आणि ते असलंच पाहिजे. सगळेच कोड्यात बोलू लागले तर ते वेगळ्या तऱ्हेने खोटं वाटतं, आणि हा दुसरा आजार पहिल्यापेक्षा जास्त चिडचिड आणतो.

शांततेबद्दल एक पोटसूचना. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ मधल्या एका अभ्यासात, हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात असं आढळलं. सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणजे बोलण्यात पुरता एक सेकंद गेला तरी समोरच्याला तो टोचतो. म्हणून "खोलीत बराच वेळ जीवघेणी शांतता पसरली" हे वाक्य कथेत एकदा परवडतं. बाकी वेळी एक छोटी कृती पुरते. वर पर्स उचलून ठेवण्यात तेवढा सेकंद गेलाच आहे.

नावं झाकली तर कोण बोलतंय कळत नाही

ही चाचणी सगळ्यांना माहीत असते: ‘म्हणाला-म्हणाली’ झाकून वाचा. नापास झाल्यावर लोक बोलीकडे धाव घेतात. त्याआधी मराठीने फुकट दिलेल्या गोष्टी वापरून घ्या. ‘थकलो’ आणि ‘थकले’ यांतच बोलणारा पुरुष की बाई ते कळतं, ‘जातो’ आणि ‘जाते’ यांतही. (‘करीन’, ‘जाईन’ यांत नाही, तिथे जपून.) सुनंदा स्मिताला ‘तू’ म्हणणार, स्मिता तिला ‘ताई, तुम्ही’, नितीन ‘ताई, तू’. तिघांच्या प्रसंगात जवळजवळ अर्ध्या ओळींचा मालक एवढ्यावर ओळखता येतो. आणि हे संबोधन बदललं तर ती कथेतली घटना ठरते. भावाने चिडून बहिणीला "आपण कधी निघणार आहात?" असं विचारलं तर वेगळं रागाचं वर्णन कशाला हवं?

त्यापुढे माणसाचं लक्ष कुठे जातं ते ठरवा. एकाच खोलीत शिरलेल्या दोघांपैकी एकाला पंख्याचा आवाज खटकेल, दुसऱ्याला भिंतीवरून काढलेला फोटो. एक माणूस वाक्य पुरं करतो, दुसरा अर्ध्यात सोडून देतो. एक जण कारणं आधी सांगतो आणि मागणं शेवटी. दुसरी मागणं आधी टाकून मोकळी होते. शब्दसंग्रहापेक्षा हे फरक जास्त टिकतात, कारण पात्र रडत असो वा हसत, ते बदलत नाहीत. ठरावीक पालुपद मात्र दर पानाला देऊ नये. ‘म्हणजे बघा’ म्हणणारा माणूस तिसऱ्यांदा विनोदी होतो आणि सातव्यांदा त्याला कथेबाहेर काढावंसं वाटतं.

बोली वापरायचीच असेल तर ती त्या पात्राच्या वाक्यरचनेत येऊ द्या, नुसत्या शुद्धलेखनात नको. प्रत्येक शब्द मोडून लिहिला की वाचक अक्षरं लावत बसतो आणि माणूस हातून निसटतो. दोन-तीन ठळक लकबी निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. पहिल्या पानावर ‘हाय’ आणि चौथ्यावर ‘आहे’ असं होऊ देऊ नका. जी बोली लहानपणापासून कानावर नाही ती लिहून झाल्यावर ती बोलणाऱ्या माणसाला वाचायला द्यावी, आणि त्याने सांगितलेलं ऐकावं.

इथे एक गोष्ट बोचते, ती सांगतोच. संस्कृत नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलत. स्त्रिया, सेवक आणि विदूषकसुद्धा प्राकृत. पात्राचा दर्जा त्याच्या भाषेवरून ठरलेला असे. आपण तो संकेत मोडला असं समजतो, पण आजच्या कितीतरी कथांमध्ये डॉक्टर, प्राध्यापक आणि नायक प्रमाण मराठीत बोलतात, आणि बोलीचे सगळे वळसे कामवाली, रिक्षावाला किंवा गावाकडून आलेला काका यांच्याच वाट्याला येतात. बोली बोलणारा डॉक्टर कुणी पाहिलाच नाही का? पात्राला बोली दिल्यावर आपण त्याला हसण्यासाठी उभं केलंय का, हा प्रश्न एकदा विचारून घ्यावा.

बोलणं छापील वाटतं

"मी उद्या येणार नाही, असे मी तुला आधीच सांगितले होते." हे पत्र आहे, बोलणं नाही. इथे काहींना वाटतं की ‘असं’, ‘सांगितलं’ हे लिहिणं म्हणजे अशुद्ध. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडच्या बोलण्यात ‘असं केलं’ अशी उच्चारानुसारी रूपं लिहायची मुभा आहे. तेव्हा कथनात ‘असे’ आणि संवादात ‘असं’ ठेवा, किंवा हल्लीच्या बहुतेक कथांप्रमाणे दोन्हीकडे ‘असं’. पण एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही नकोत.

याहून मोठी अडचण आवाजाची आहे. काव्यशास्त्रात स्वर बदलून अर्थ पालटण्याला ‘काकु’ म्हणतात. बोलताना ती गळ्यात असते. कागदावर गळा नाही. तिथे मराठीकडे दोन साधनं आहेत, आणि ती अंगभूत असल्यामुळे आपण त्यांच्याकडे बघतही नाही: शब्दांचा क्रम आणि छोटे अव्ययवजा शब्द. "तू येणार आहेस" हे नुसतं विधान. "तू येणार आहेस ना?" यात धास्ती आहे. "तू येणारच आहेस" यात गृहीत धरणं. "तूच येणार आहेस?" यात, दुसरं कुणी का नाही, ही नाराजी. "तू येणार आहेस म्हणे" यात, मला दुसऱ्याकडून कळलं, ही तक्रार. "येणार आहेस का तू?" यात संपत आलेला धीर. एवढं असताना "त्याने उपरोधाने विचारले", "ती साशंकपणे म्हणाली" ही क्रियाविशेषणं कशाला? उपरोध ओळीत उतरला असेल तर शेरा फुकट, आणि उतरला नसेल तर शेऱ्याने तो उतरत नाही.

म्हणून खर्ड्यात छापील वाटणारी ओळ दिसली की शब्द बदलण्याआधी क्रियापद पुढे-मागे करून बघा. "मला तुझी ही सवय आवडत नाही" आणि "आवडत नाही मला तुझी ही सवय" यांत शब्द तेच आहेत, पण दुसऱ्यात माणूस उभा राहून बोलतोय.

भाषांतरित मालिकांतून आलेली वाक्यं हा याचाच भाऊबंद. "तू ठीक आहेस?", "आपल्याला बोलण्याची गरज आहे", "मला समजून घेण्याचा प्रयत्न कर." पात्र फार भावनेत असताना ही नेमकी टपकतात, कारण तेव्हा लेखकाला खरं वाक्य सुचलेलं नसतं. तिथे थांबा. त्या प्रसंगी तुमच्या ओळखीचं कुणी काय बोललं असतं ते आठवा. बहुतेक वेळा भलत्याच विषयावरचं वाक्य निघतं: जेवलास का, चावी कुठे ठेवलीस, दार नीट लाव.

म्हणाला, उद्गारला, खेकसला, पुटपुटला

यावर फार वेळ घालवू नये. ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ पुरेत. वाचकाची नजर त्यांवरून सरकून जाते. ‘उद्गारला’ सहसा कुणीही उद्गारू नये. कोण बोलतंय हे आधीच्या दोन ओळींवरून कळत असेल तर ‘म्हणाला’ही काढा, पण सहा-सात ओळींनंतर एकदा खूण द्या, नाहीतर वाचकाला बोट ठेवून वरून मोजत यावं लागतं. दर ओळीला सुस्कारा, भुवई आणि केसांवरून फिरणारा हात देणं हाही त्यातलाच प्रकार. हातांना काम द्यायचं तर त्या प्रसंगातली खरी वस्तू द्या. आणि ‘हॅलो, कोण? मी. हां, बोल’ ही फोनची सुरुवात कुठल्याही कथेत लागत नाही.

मोठ्याने वाचलं, ठीक वाटलं, तरी तक्रार आहेच

मोठ्याने वाचा, हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच उपयोगी आहे. स्वतः वाचताना आपण ओळीत नसलेला स्वर पदरचा घालतो. धास्ती कागदावर नसते, गळ्यात असते, आणि आपल्याला वाटतं की ती लिहिली गेली. त्यामुळे वाचन दुसऱ्याकडून करून घ्यावं, आणि त्याला कथा आधी सांगू नये. तो जिथे अडखळेल किंवा भलत्या शब्दावर जोर देईल तिथे ओळ दुरुस्त करायची. "असं नाही, असं वाच" म्हणून त्याला शिकवायचं नाही. कुणी मिळालं नाही तर फोनमधल्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाला द्या. तो भावनाशून्य आहे हाच त्याचा गुण. त्या सपाट आवाजातूनही "सकाळी झोपते ती" हे टोचलं, तर ओळ जमली.

खरं बोलणं नोंदवून उतरवून पाहायचं असेल तर जरूर पाहा, एकदा तरी. (बोलणाऱ्यांना विचारून.) पण त्याची नक्कल करू नका. उतरवलेलं बोलणं वाचवत नाही: तीच गोष्ट चारदा, अर्धी वाक्यं, ‘ते हे आपलं’, मधेच तिसऱ्याचं काहीतरी. त्यातून घ्यायचं ते एवढंच की माणसं विषय कुठे बदलतात. तो बदल कागदावर आणा, अडखळणं सोडून द्या.

एवढं करूनही प्रसंग उभा राहत नाही

मग बहुधा तिथे संवाद नकोच आहे. दोघांपैकी कुणालाही काही नको असेल, किंवा दोघांनाही एकच गोष्ट हवी असेल आणि ती मिळणारही असेल, तर अवतरणचिन्हं उघडण्याचं कारण नाही. ठरलेला बेत, दिलेला पत्ता, विचारपूस, निरोप, हे सगळं कथनात दोन ओळींत जातं, आणि कथनातही बोलण्याचा वास ठेवता येतो: "तो म्हणे सोमवारीच निघणार होता, पण गाडीच मिळाली नाही, वगैरे." त्या एका ‘म्हणे’त ऐकणाऱ्याचा अविश्वास आला, ‘वगैरे’त कंटाळा आला, आणि दीड पान लिहायचं वाचलं. मधली एकच ओळ थेट हवी असेल तर तेवढीच अवतरणात ठेवा. तासभराच्या गप्पा कथनात आणि त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं, ही रचना नव्या लेखकांच्या खर्ड्यांत मला फार कमी दिसते. खरं तर दोन माणसांचं लांबलचक, पानंच्या पानं बोलणं लिहिण्यापेक्षा ती कितीतरी सोपी आहे.